हात हलवणाऱ्यांचे आभार

निवडणुकीच्या गाडीत बसून सव्वीस वर्षं मी परक्या माणसांची नावं ओरडत आले आहे. आम्हा बायकांना लोक उगुइसु म्हणतात. झाडीत लपून गाणारा तो एवढासा पक्षी असतो ना, तो. पक्षी दिसत नाही, आवाज तेवढा येतो, म्हणून असेल. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, पण हातात माइक आला की पंचविशीतली वाटते. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

लोकांना वाटतं, ओरडायला काय लागतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकदा बसून बघावं त्यांनी! धावत्या गाडीतून भाषण करायला कायद्यानं बंदी आहे. उमेदवाराचं नाव घ्यायचं, नमस्कार म्हणायचं, संपलं. चार गोष्टी सांगायच्या तर गाडी थांबवावी लागते. म्हणजे दिवसातले दहा तास हातात फक्त एक नाव आणि आपला गळा. डोंगरउतारावरच्या संत्र्यांच्या मळ्यांत आवाज उशिरा पोचतो, तिथे नाव सावकाश घ्यायचं आणि मध्ये दम धरायचा. म्हाताऱ्यांच्या आळीत आवाज खाली आणायचा, कारण म्हाताऱ्या कानांना आधी बारीक आवाज ऐकू येईनासा होतो. नव्या घरांच्या वस्तीत कुणाचं तान्हं झोपलेलं असतं, कुणी रात्रपाळी करून आलेलं असतं, तिथे हळू बोलून पटकन सटकायचं. दारात मयत असेल तर माइक बंद करून मान झुकवायची.

आणि हातांचे आभार मानायचे. कुणाचाही हात वर दिसला की सोडायचा नाही. "दुसऱ्या मजल्यावरून हात हलवणाऱ्या ताई, मनापासून आभार!" ताई बिचारी गादी झटकत असते. पण शेजारीपाजारी ऐकतात, आणि ते घर आपलं झालं असं त्यांना वाटून जातं.

गेल्या नोव्हेंबरात मला तोगाहामाहून बोलावणं आलं. माझं जन्मगाव. बाविसाव्या वर्षी मी ते सोडलं. माझी थोरली बहीण इसोको अजून तिथेच बंदरावर मासे वाळवते. महापौराची निवडणूक होती, मंगळवार ते शनिवार प्रचार आणि रविवारी मतदान. माझे उमेदवार होते निकाइदो मोतोहारु, गावच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. माणूस सज्जन होता, पण बोलायला लागला की मीटर वाचतोय असं वाटायचं. कोळ्याशी, मळेवाल्याशी, कुत्र्याशी, सगळ्यांशी एकच सूर.

"तोमोएसान, याच्या भाषणानं मी स्वतः दोनदा झोपलो," प्रचारप्रमुख हिरुमा मला पहिल्याच दिवशी म्हणाले. ते पूर्वी बंदरावर माशांचा लिलाव पुकारायचे, आता गाडीही तेच चालवत होते. "आणि मी स्टिअरिंगवर होतो."

"तुम्ही फक्त गाडी चालवा. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात," मी म्हटलं. "आपल्याकडे तर चांगला माल आहे."

माल चांगला होता, पण बंदरावर विकायला अवघड. गावात दोन प्राथमिक शाळा. एक वर डोंगरावर, एक खाली बंदरात, समुद्राच्या बांधापासून दगड मारला तर लागेल इतकी जवळ. बंदरच्या शाळेत तेवीस मुलं उरली होती. निकाइदोंचं म्हणणं असं की मोठा भूकंप झाला तर लाटा यायला दहा मिनिटं लागणार नाहीत, आणि तेवढ्यात सहा-सहा वर्षांची पोरं उंचावर पोचणार नाहीत. म्हणून दोन्ही शाळा एक करायच्या, डोंगरावर, आणि बंदरच्या मुलांसाठी बस. समोरच्या उमेदवाराचं सोपं होतं. तो म्हणत होता, दोन्ही राहू द्या.

बंदराला त्यांची शाळा प्राणाहून प्यारी. आजोबा तिथे शिकले, बाप तिथे शिकला. मीही तिथेच शिकले. शाळा गेली की बंदर गेलं, असं ते मानतात, आणि ते अगदीच चूक आहे असं नाही.

बुधवारी सकाळी बंदराच्या वळणावर हिरुमांनी गाडी हळू केली. "इथे शाळेचं नाव नका काढू."

"नाव काढते," मी म्हटलं, "पण माझ्या पद्धतीनं."

मासळी बाजारासमोर गाडी थांबली. निकाइदो खाली उतरून हात जोडून उभे राहिले. समोर पंचवीस-तीस बायका, निम्म्यांच्या हातात अजून रबरी मोजे. मी शहरी आवाज बाजूला ठेवला आणि लहानपणची, घरातली बोली काढली. ती घशात कुठे इतकी वर्षं पडून होती कोण जाणे.

"बायांनो, मी याच बंदराची. आपलं पोर सकाळी दाराबाहेर पडतं, तेव्हापासून आईचा जीव टांगणीला लागतो. निकाइदोसान म्हणतात, तो जीव टांगणीला लागू नये. दारातून गेलेलं पोर सुखरूप दारात परत आलं पाहिजे! बंदराचं एकही पोर शाळेवाचून राहणार नाही, हा त्यांचा शब्द आहे!"

एकही शब्द खोटा नव्हता. बस पोरांना बंदरातून नेणार आणि बंदरात परत आणणार होती, डोंगरावरची शाळाही शाळाच. पण "आपलं पोर" म्हणताना मी आवाज असा कातर केला की पाठीला तान्हं बांधून उभी असलेली मिवा नावाची एक तरुण आई डोळे पुसायला लागली. तिची मोठी दोन मुलं त्याच शाळेत होती. निकाइदो कमरेत वाकले. आपली योजना पत्रकाच्या चौथ्या पानावर छापलीय, ती सगळ्यांनी वाचलीय, अशी त्यांची समजूत. चौथं पान कोण वाचतं?

मग मला ताई दिसली. धक्क्याच्या टोकाला, जाळीवरचे मासे उलटता उलटता ती थांबली होती. डोक्याला तोच लाल रुमाल. माझ्याकडे बघत तिनं तळहात तोंडासमोर उभा धरला आणि डावीउजवीकडे हलवला, माशी हाकलावी तसा. आमच्याकडे त्याचा अर्थ तान्ह्या पोरालाही कळतो. नाही, नाही, असं नको.

मलाही कळला. दोनशे हात लांबूनही कळला. पण इतर बायका माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांना ती दिसत नव्हती. आणि ताई म्हणजे बंदरच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष. सवयीनं म्हणा, हावेनं म्हणा, माझ्या तोंडून निघून गेलं.

"धक्क्यावरून हात हलवून पाठिंबा देणाऱ्या इसोको ताई, मनापासून आभार!"

सगळ्या माना मागे वळल्या. तोवर ताईचा हात खाली आला होता. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

गुरुवारी वर मळ्यांत मी दुसरा गळा लावला. संथ, भारदस्त, जबाबदार बाईचा. "उंचावर, पक्क्या जमिनीवर, सगळ्या मुलांसाठी एक मोठी शाळा." मळेवाले शिडीवरून माना हलवत होते. हिरुमा आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही दोन बायका आहात की काय?" मला ते कौतुक वाटलं. मी मधात मुरवलेल्या मुळ्याचा रस प्यायले आणि पुढच्या गल्लीचा सूर लावला.

शुक्रवारी दुपारी कचेरीत बंदरावरून दोन खोकी आली. बर्फात लालबुंद कल्ल्यांचे ताजे बुरी मासे, थंडीतले, चरबीनं मऊ. हिरुमांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण निवडणुकीच्या कचेरीत चहा आणि बिस्किटांपलीकडे काही खायला देणं-घेणं गुन्हा आहे, आणि बंदरच्या लोकांना प्रेम आलं की मासे पाठवण्यापलीकडे काही सुचत नाही.

"मी देऊन येतो परत," हिरुमा खोकं उचलत म्हणाले.

"पाठवलेत मला," निकाइदो म्हणाले. "मीच जातो."

ते तासाभरानं आले. कोट काढला, खुंटीला लावला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"तोमोएसान, बंदरावर तुम्ही काय म्हणालात? पुन्हा म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"यात खोटं काही नाही," मी म्हणाले.

"नाही," ते म्हणाले. "मग शाळा वाचवल्याबद्दल त्यांनी माझे आभार कशाचे मानले?"

मी पत्रक उघडून चौथं पान काढलं. हिरुमाच मध्ये पडले. "निकाइदोसान, एक दिवस राहिलाय. तुम्ही कुणाला वचन दिलं नाही. त्यांनी त्यांच्या मनानं धरलं. आधी निवडून या, मग समजावू सावकाश."

"उद्या तीन वाजता बंदरावर जाऊ. मी सांगतो."

"दोनशे मतं जातील! तुम्हाला कळतंय का?"

"दोनशे चौदा," निकाइदो म्हणाले. "मी यादी पाहिलीय."

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेले. ती मागच्या दारी सुऱ्या धूत होती. मला बघून तिनं सुऱ्या धुणं थांबवलं नाही.

"आलीस? ये. जेवलीस का?"

"ताई, बुधवारचं..."

"माझा हात पाहिलास ना?"

"पाहिला."

"कळला ना?"

"कळला."

"मग?"

"धंदा आहे गं," मी म्हटलं. "हात दिसला की आभार मानायचे असतात."

ताईनं सुरी फळीवर ठेवली. "तोमोए, ती शाळा पाण्यात आहे. मला रात्री झोप लागत नाही. माझी नात आहे तिथे. दोन वर्षं झाली, मी एकेका आईला धरून बोलतेय. मोठी आहे तिला रागावते. नवी सून आहे तिच्याशी तिच्या सासूपासून लपून बोलते. त्या मिवाचा नवरा बोटीवर असतो, तिच्या घरी मी नुसती बसून यायचे, चहा प्यायचा आणि बांधाकडे बघायचं, बस. अठरा आयांपैकी अकरा वळल्या होत्या. अकरा! आणि परवा तू पाच मिनिटांत सगळ्यांना सांगितलंस की शाळा कुठे जात नाही, आणि वर म्हणालीस की इसोकोचा पाठिंबा आहे."

मला दोन दिवस वाटत होतं, ताईलाही शाळा बंदरातच हवीय, म्हणून तिनं नाही म्हटलं.

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळ्यांसमोर काय बोलू? माझी बहीण थापा मारतेय म्हणून? गप्प बसले. म्हणजे मीही बोलल्यासारखंच झालं."

"पण तूही प्रत्येकीशी वेगळीच बोलतेस की," मी म्हटलं. मला कुठेतरी टेकायला जागा हवी होती.

"वेगळी बोलते," ताई म्हणाली, "पण गोष्ट एकच सांगते." तिनं सुऱ्या पुसून कापडात गुंडाळल्या. "भात टाकलाय. जेवून जा."

मी जेवले. ताईसमोर मासा पानात टाकायची हिंमत झाली नाही.

शनिवारी तीन वाजता बंदरावर बुधवारपेक्षा जास्त माणसं होती. शाळा वाचली ही बातमी ऐकून पुरुषही आले होते. निकाइदोंनी बाजारातून माशांचं एक रिकामं खोकं मागून घेतलं, पालथं घातलं, त्यावर चढले आणि बोलायला लागले.

"मी निकाइदो मोतोहारु. मी निवडून आलो तर ही शाळा दोन वर्षांत बंद होईल. मुलं डोंगरावरच्या शाळेत जातील. बस मिळेल."

तोच मीटरवाचनाचा सूर. बांधाची उंची किती, लाट किती मिनिटांत येईल, पहिलीतल्या मुलाला उंचावर पोचायला किती लागतात, सगळं सांगितलं. सहा मिनिटं बोलले. खोक्यावरून उतरून त्यांनी मान झुकवली, तेव्हा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "मासे परत केलेस तेव्हाच समजायला हवं होतं." मिवानं पाठीवरचं मूल सावरलं आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मग आणखी काही जणींनी पाठ केली. आमच्याकडे शिव्या देत नाहीत, पाठ करतात.

हिरुमांनी खुणेनं मला गाडीत बसायला सांगितलं. मी माइक उचलला. कुठला सूर लावू? खरं सांगते, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला एकही सापडेना. जो आवाज निघाला तो अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा होता.

"बुधवारी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. निकाइदोसाननी सांगायला लावलं नव्हतं, माझं मी केलं. आणि माझी बहीण हात हलवत होती ती नाही म्हणत होती. मला दिसलं होतं, कळलं होतं. तरी मी आभार मानले. तिनं तुम्हाला फसवलं नाही. मी फसवलं."

एवढंच. पुढे कायतरी गोड म्हणायची सवय ओठांपर्यंत आली होती, ती गिळली. पाठ केलेल्यांपैकी कुणी वळलं नाही. ताई धक्क्यावर मासे उलटत होती. मी रडले नाही असं म्हणणार होते, पण रडले. गाडीत बसल्यावर हिरुमांनी रुमाल पुढे केला, त्याला डिझेलचा वास येत होता.

रविवारी निकाइदो अडतीस मतांनी पडले.

"अडतीस!" हिरुमा रात्रभर तेवढाच एक आकडा पुकारत होते, लिलावातल्यासारखा. "गप्प बसला असतात तर!" निकाइदोंनी कचेरीत जमलेल्या सगळ्यांसमोर वाकून माफी मागितली. मग खुर्च्या मोजून रचायला लागले.

सोमवारी सकाळी मी ताईचा निरोप घ्यायला बंदरावर गेले. तिनं सुक्या माशांचं पुडकं बांधून ठेवलं होतं. निवडणूक संपली होती, आता घ्यायला हरकत नव्हती. ती मला थांब्यापर्यंत सोडायला निघाली, तर समोरून निकाइदो येत होते, काखेत शनिवारचं खोकं. धुऊन आणलं होतं.

बाजारात बायका मासे निवडत होत्या. कुणी मान वर केली नाही. निकाइदोंनी खोकं जागेवर ठेवलं, पुटपुटत आभार मानले आणि निघाले.

"अहो," मागून आवाज आला. मिवा होती. हातात सुरी तशीच, नजर माशावर. "ती बस किती वाजता सुटणार होती?"

"सात चाळीसला. बाजारासमोरून."

"आता नाही येणार ना ती?"

"नाही. मी पडलो."

मिवानं मासा चिरला, आतडी काढली, बादलीत टाकली. "आणि वरच्या शाळेत चालत गेलं तर?"

माझी जीभ वळवळली. या प्रश्नाला मी काय काय उत्तरं दिली असती! धीर दिला असता, आवाज भरून आणला असता. ताईनं माझा दंड धरला. गरज नव्हती, मी बोलणारच नव्हते.

"मोठ्या माणसाला बावीस मिनिटं," निकाइदो म्हणाले. "पहिलीतलं मूल बरोबर असेल तर पस्तीस. मधल्या देवळापाशी ते बसतं, तिथली चार मिनिटं धरून. मी नातवाला घेऊन दोनदा चालून पाहिलंय. पावसाळी दिवशी पाहिलेलं नाही."

सुऱ्या चालू होत्या. मग मिवानं पलीकडच्या फळीवरच्या बाईला हाक मारली.

"ऐकलंस का? पस्तीस मिनिटं म्हणतायत. सातला निघावं लागेल."

"सातला कसं जमेल?" ती बाई म्हणाली. "सव्वासहाला पोरं उठवावी लागतील मग."